टाळू सांधली, वाचेचे काय?

जळगाव शहरापासून दोन कोसांच्या आतबाहेर असलेल्या असोदा या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते तेथील महाजनांच्या घरी १८८० साली जन्मलेल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी कुटुंबात सून म्हणून गेलेल्या बहिणाबाईंमुळे. त्यांनी पाटीवर अक्षर कधी गिरवले नाही. जात्यावर बसल्या असता, शेतात खपत असता, चुलीपुढे असता त्यांच्या मुखातून जी गाणी बाहेर पडली त्यांपैकी जेवढी पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून घेतली तेवढीच काय ती उरली. आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्यावर, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने व त्यांच्या प्रस्तावनेसह, १९५२ साली ती ग्रंथरूपाने लोकांसमोर आली. या गोष्टीचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. मला तिच्यातील निव्वळ शारीर बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. कारण ज्याच्या हाती लेखणी नाही अशा माणसाचे मागणे, नाकारणे, गाणे, साक्ष देणे, लेकराला हाक मारणे हे सर्व व्यवहार ज्या अवयवांवर अवलंबून असतात त्यांपैकी एक अवयव असा आहे की ज्याची आठवणही आपल्यापैकी बहुतेकांना जन्मभरात होत नाही. तो म्हणजे टाळूचा मागचा, मऊ भाग. वैद्यकाच्या परिभाषेत मृदुतालू.

ओठ किंवा टाळू, अथवा दोन्ही, जन्मतःच दुभंगलेली मुले जगात साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे एक या प्रमाणात जन्माला येतात. एकट्या जळगाव जिल्ह्याची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत बेचाळीस लाखांवर भरली होती. तेव्हा अशी मुले खानदेशात दुर्मीळ आहेत असे कोणी म्हणू नये. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया आज गरिबालाही विनामूल्य मिळू शकते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शस्त्रक्रियेची नोंद दप्तरी पडली की प्रकरण निकालात निघाले असे मानण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविरुद्ध मला तक्रार करावयाची आहे. टाळू सांधणे हा या कामाचा आरंभ आहे. ते मूल अनोळखी माणसाला पहिल्याच खेपेस समजेल असे बोलू लागते, तेव्हा ते काम पुरे होते. आणि सरकारने, शिबिरे भरविणाऱ्या दात्यांनी व रुग्णालयांनी आपल्या यशाची मोजदाद याच एका कसोटीवर करावी.

अवयवाची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे, आणि तिला ग्रंथाची गरज नाही. उजेडाकडे तोंड केले, हाती आरसा घेतला आणि तोंड पुरते उघडले म्हणजे झाले. वरच्या दातांच्या मागून जिभेचे टोक हळूहळू मागे नेत गेले असता प्रथम कडक, किंचित वळ्या पडलेला भाग लागतो. त्याच्या वर हाड आहे, आणि टाळूचा पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग असा अस्थियुक्त आहे. मग एका जागी हाड संपते आणि जीभ मऊ, दबणाऱ्या मांसल भागावर येते. येथून मागे हाड नाहीच. आहे ते एक चिवट तंतुमय पटल, त्यात गुंतलेले स्नायू आणि वरखाली ओलसर श्लेष्मल त्वचा. या भागाच्या मागच्या कडेला मध्यावर पडजीभ लोंबते. आता ‘आ’ असा स्वर लावावा: पडजिभेसह तो सारा मऊ भाग वर आणि मागे उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीकडे जाताना दिसतो, आणि स्वर थांबताच पुन्हा खाली उतरतो. दिवसातून हजारो वेळा ही हालचाल आपण करतो आणि तिची जाणीव आपल्याला एकदाही होत नाही.

ती घडविणाऱ्या स्नायूंच्या पाच जोड्या आहेत. एक जोडी टाळू ताणते. तिचा कंडरा कवटीच्या तळाशी असलेल्या एका लहानशा अस्थिमय आकड्याभोवती वळसा घेऊन टाळूत आडवा शिरतो. दुसरी जोडी टाळू उचलते, आणि बोलण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हीच. कवटीच्या तळापासून दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे हे स्नायू मध्यरेषेवर एकमेकांत मिळून जातात आणि आकुंचन पावले की टाळूला वर-मागे खेचून घेतात. तिसरी जोडी टाळूला जिभेशी व चौथी घशाशी बांधते, आणि पाचवी पडजिभेच्या आतच असते. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या चेतेची आज्ञा यांपैकी फक्त ताणणारी जोडी मानते. उरलेल्या चारींवर दहाव्या चेतेचा अंमल चालतो.

केळीच्या बागेत पाणी सोडलेले असताना जो गडी दारे धरून उभा असतो, जो या वाफ्याचे तोंड मातीने बंद करतो तेव्हाच पलीकडचे उघडे करतो आणि ज्याचे लक्ष क्षणभर ढळले तर पाणी भलतीकडेच वाहून जाते, त्याचे काम आणि मऊ टाळूचे काम एकाच जातीचे आहे. नाकाची वाट आणि तोंडाची वाट घशात जेथे एकत्र येतात तेथे ती उभी असते. श्वास घ्यावयाचा तर ती खाली लोंबते आणि नाकाची वाट मोकळी राहते. घास किंवा घोट घशाकडे सरकला की ती तत्काळ उठून नाकाची वाट बंद करते, म्हणून जेवताना अन्न नाकात चढत नाही. घटसर्पाची लस घरोघर पोहोचली नव्हती त्या काळी, त्या रोगातून वाचलेल्या एखाद्या मुलाने पाणी प्यावे आणि ते नाकातून परत यावे, असे दृश्य डॉक्टरांना नित्याचे होते. रोगाच्या विषाने टाळूच्या चेता लुळ्या पडल्यामुळे ते घडत असे.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत याच अवयवाकडे जीव जगविण्याचे काम असते. दूध ओढावयाचे म्हणजे तोंडाच्या पोकळीत हवेचा दाब कमी करावा लागतो, आणि तो कमी होण्यासाठी पोकळी सर्व बाजूंनी बंद असावी लागते. टाळू दुभंगलेली असेल तर मूल स्तनाला लागते, जिवाच्या आकांताने चोखते, परंतु ओढ निर्माण होत नाही. थोडेफार दूध तोंडात गेलेच तर नाकातून बाहेर येते, मूल ठसकते, थकते आणि उपाशीच झोपी जाते. अशा वेळी आईला दूध येत नाही, किंवा मूल दूध घेत नाही, असा निर्णय घरातील वडीलधाऱ्या बायका देऊन मोकळ्या होतात आणि दोष बाळंतिणीच्या माथी येतो. वास्तविक या प्रसंगावरचा तोडगा आपल्या घराच्या फडताळातच असे. आईचे दूध काढून घ्यावे, मुलाचे डोके उंच राहील असे त्याला जवळजवळ बसते धरावे, आणि लहान धारेच्या बोंडल्याने गालाच्या आतल्या बाजूस थोडे थोडे दूध सोडावे. मधूनमधून ढेकर काढावी. बाटल्यांच्या युगात बोंडले अडगळीत गेले, परंतु दुभंगलेल्या टाळूच्या मुलांसाठी आजचे बालरोगतज्ज्ञही याच जातीच्या भांड्याची शिफारस करतात.

टाळूचा कानाशी संबंध आहे ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल. घशाच्या वरच्या भागापासून मधल्या कानापर्यंत एक नलिका जाते, आणि टाळू ताणणारा स्नायू प्रत्येक गिळण्यासरशी ती क्षणभर उघडून कानात हवा खेळती ठेवतो. दुभंगलेल्या टाळूत हा स्नायू आपले काम नीट करू शकत नाही. कानात चिकट द्रव साठतो आणि मुलाला कमी ऐकू येऊ लागते. म्हणजे जे मूल नीट बोलू शकत नाही त्याला इतरांचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. ऐकण्यावाचून बोलणे येत नाही, आणि म्हणून अशा मुलाची श्रवणपरीक्षा ही त्याच्या वाचेच्या उपचाराची पहिली पायरी ठरते. ती चुकली तर पुढचे बरेचसे श्रम वाया जातात.

आता बोलण्याविषयी. मराठीच्या बहुतेक सर्व वर्णांच्या उच्चारात मऊ टाळू उचललेली असते आणि श्वास केवळ मुखावाटे जातो. ङ, ञ, ण, न, म या पाचांच्या आणि सानुनासिक स्वरांच्या उच्चारात मात्र ती खाली येते व श्वासाला नाकाची वाट मिळते. प, त, ट, क, च यांसारख्या वर्णांसाठी तोंडात हवा क्षणभर कोंडून दाब निर्माण करावा लागतो. टाळू नाकाची वाट बंद करू शकत नसेल तर हा दाब नाकातून निसटून जातो. ब आणि म यांत ओठांची कृती एकच आहे, द आणि न यांत जिभेची कृती एकच आहे. भेद काय तो टाळूचा. त्यामुळे टाळू दुभंगलेल्या मुलाने ‘बाबा’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू यावे, त्याने ‘दादा’ म्हणावे आणि घरच्यांनी ‘नाना’ समजावे, असे घडते. ‘आई’ या हाकेत व्यंजन नाही, म्हणून ती तेवढी नाकात गुंजत का होईना पण ओळखता येते. त्या मुलाच्या मुखी सर्व आप्तांत आईचीच हाक खरी ठरते, बापाची हाक मामाला जाते, आणि बाप हसून विषय टाळतो. ज्या असोद्याचे भरीत जिल्ह्यात नावाजलेले आहे, तेथील मुलाला ते मागताना ‘भ’ साधू नये आणि त्याच्या मुखातून ‘मरीत’ असे काही बाहेर पडावे, यातील दुःख ज्याने ऐकले असेल त्यालाच कळेल.

नाकातून हवा निसटते की नाही हे घरीही पाहता येते. स्टीलचा थंड, कोरडा चमचा मुलाच्या नाकपुड्यांखाली आडवा धरावा आणि त्याला ‘पोपट’, ‘पपई’, ‘काका’ असे शब्द म्हणावयास सांगावे. या शब्दांत नाकाचे काही काम नसल्यामुळे चमचा स्वच्छ राहिला पाहिजे. शब्दागणिक त्यावर वाफेचा डाग उमटत असेल तर टाळूची वाट बंद होत नाही असे समजावे आणि मुलाला तज्ज्ञाकडे न्यावे. निदान म्हणून ही चाचणी पुरेशी नाही; परंतु ‘सवय आहे, मोठेपणी जाईल’ असे म्हणून बसून राहणाऱ्या घराला जागे करण्यास तेवढी पुरते.

या देशात वर्णोच्चाराचे शास्त्र इतके सूक्ष्म झाले की अनुनासिक वर्ण मुख आणि नासिका या दोहोंच्या योगे उच्चारला जातो अशी व्याख्या पाणिनीने सूत्रातच बांधून ठेवली. सुश्रुताने तालूचे नऊ रोग वेगळे करून सांगितले, आणि वाढलेली पडजीभ छेदण्याची रीत सांगताना ती किती छेदावी, अधिक छेदली तर रक्तस्रावाने मरण कसे ओढवते आणि कमी छेदली तर कोणते विकार उरतात, इतक्या बारकाव्याने सावध केले. ज्यांच्या पूर्वजांनी एवढे पाहिले त्यांच्या खेड्यांत आज काय उरले आहे? ‘पडजीभ पडली’ असे म्हणून अंगठ्याला मीठ-हळद लावून ती दाबून उचलणारी एखादी आजी, आणि ग्रहणात गर्भारशीने विळी हाती धरली म्हणून मुलाचा ओठ चिरला हा समज. पहिली गोष्ट निरुपयोगी व कधी अपायकारक आहे. दुसरी तर सरळसरळ अन्याय आहे, कारण ती निरपराध आईला जन्मभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते.

खरी हकिगत अशी की गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास टाळूचे दोन अर्धे भाग जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होतात, मध्यरेषेवर एकमेकांस भेटतात, आणि पुढून मागे असे जुळत जाऊन बाराव्या आठवड्यापर्यंत शेवटी पडजीभ जुळते. या जुळणीत खंड पडला तर भेग राहते. तो का पडतो याची कारणे अनेक: अनुवंश, फोलिक आम्लाची उणीव, फेफऱ्यावरील काही औषधे, धूम्रपान. पुष्कळ वेळा कोणतेच एक कारण सापडत नाही. ज्या दिवसांत हे घडते त्या दिवसांत कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची खात्रीही झालेली नसते, तेथे ग्रहणाचा हिशेब कोण आणि कशाचा मांडणार?

पॅरिसमधील शल्यविशारद फिलिबेर रू याने १८१९ साली जॉन स्टीफन्सन नावाच्या कॅनडाहून आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याची जन्मजात दुभंगलेली मऊ टाळू शिवली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. रुग्ण शुद्धीवर होता, आणि मऊ टाळूला नुसता स्पर्श झाला तरी उबळ येते हे लक्षात घेतले म्हणजे त्या तरुणाच्या धैर्याची कल्पना यावी. पुढे त्याने याच विषयावर एडिंबरोस प्रबंध सादर केला, आणि मॉन्ट्रियल येथे वैद्यकीय शिक्षण देणारी संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता. ज्याचे बोलणे लोकांना कळत नसे त्याने शिक्षकाचा व्यवसाय पत्करावा, हा त्या शस्त्रक्रियेचा खरा निकाल होय. नंतरच्या दीडशे वर्षांत भेग बुजविण्याचे तंत्र सुधारत गेले. परंतु भेग बुजली तरी आवाज नाकातच राहतो असे अनेकांच्या बाबतीत आढळत होते. दुभंगलेल्या टाळूत उचलणारे स्नायू मध्यावर परस्परांस मिळण्याऐवजी पुढे वळून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात, आणि वरची त्वचा शिवली म्हणून ते आपोआप जागेवर येत नाहीत. ते सोडवून, आडवे फिरवून, एकमेकांस जोडले पाहिजेत, हे ओटो क्रीन्स या जर्मन शल्यविशारदाने १९६९ च्या सुमारास ठासून मांडले, आणि तेव्हापासून शल्यकर्माचे लक्ष भोकाकडून हालचालीकडे वळले.

आपल्याकडेही हे काम परक्यांच्या भरवशावर राहिले नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सी. बालकृष्णन यांनी ओठ व टाळूच्या भेगांचे जे वर्गीकरण १९७५ साली प्रसिद्ध केले ते देशभरातील शल्यविशारदांनी स्वीकारले, आणि नागपूरचे नाव त्याला चिकटून राहिले. मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन गावोगाव विनामूल्य शिबिरे घेत. पुढे अर्धांगाने त्यांचे शरीर लुळे पडले, स्वरयंत्राच्या कर्करोगाने त्यांचा स्वतःचा आवाज गेला, तरीही चिरलेले ओठ शिवण्याचे त्यांचे काम थांबले नाही. अशा माणसाविषयी कृतज्ञता मनात बाळगूनच हे सांगितले पाहिजे की शिबिर हे टाळूच्या रोगावरील पुरते उत्तर होऊ शकत नाही. ओठ शिवला की मुलाचे रूप त्याच दिवशी पालटते आणि ते सर्वांना दिसते. टाळू शिवली की बाहेरून काहीच दिसत नाही, आणि जे ऐकू यावयाचे असते त्यासाठी पुढे महिनोन् महिने कोणीतरी त्या मुलासमोर बसावे लागते. तोपर्यंत शिबिराचा मांडव उठून गेलेला असतो.

सरकारने तजवीज केलेली नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या आराखड्यात श्रवण व वाचा तज्ज्ञाची जागाही धरलेली आहे. धुळ्यात १९८९ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा प्रश्न नवी योजना काढण्याचा नसून असलेल्या योजनेच्या ताळेबंदात कोणता रकाना शेवटचा मानावा हा आहे. जे मोजले जाते त्याचाच पाठपुरावा होतो, हे प्रशासनात काम केलेला कोणताही कारकून सांगेल. शस्त्रक्रियांची संख्या मोजली जाते, म्हणून शस्त्रक्रिया होतात. पाचव्या वर्षी किती मुलांचे बोलणे समजते हे मोजले गेले, तर त्या दिशेने हुकूम निघतील, जागा भरल्या जातील, तगादे लागतील.

ही कसोटी माझ्या मनची नाही. ब्रिटन, स्कँडिनेव्हियातील देश आणि ब्राझील येथील रुग्णालयांनी मिळून केलेल्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तीत टाळूची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात करावी की बाराव्या, हा प्रश्न होता. आणि त्याचा निकाल जखम कशी भरली यावर न लावता, मूल पाच वर्षांचे झाल्यावर त्याची टाळू बोलताना नाकाची वाट पुरेशी बंद करते की नाही यावर लावण्यात आला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत ती बंद न होण्याचे प्रमाण सुमारे नऊ टक्के, तर बाराव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत पंधरा टक्के आढळले. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करावयाची तर भूल देण्याची व नंतरच्या देखभालीची उत्तम व्यवस्था लागते, आणि ती सर्वत्र नाही हे मला मान्य आहे. परंतु खेड्यातील मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर, आणि कधी कधी शाळेत नाव घातल्यावर, प्रथम शल्यविशारदापुढे रुजू होते, ही दिरंगाई कशाने समर्थनीय ठरेल? बोबडे बोल फुटण्याआधी टाळू तयार झाली पाहिजे. नंतर तयार झालेल्या टाळूला, तोवर घशातून अडखळत वर्ण काढण्याची जी सवय मुलाला जडलेली असते तिच्याशी झगडावे लागते.

या दिरंगाईचे एक कारण तर अत्यंत क्षुल्लक आहे. ओठ चिरलेला असेल तर दाईलाही दिसतो. केवळ मऊ टाळू दुभंगलेली असेल तर ती तोंडात बॅटरीचा झोत टाकून, जीभ दाबून, मुद्दाम पाहिल्यावाचून दिसत नाही. कित्येकदा वरची त्वचा अखंड असून आतले स्नायूच तेवढे दुभंगलेले असतात. अशा वेळी दोन टोकांची पडजीभ हीच एक खूण दिसते, किंवा बोट फिरवले असता कठीण टाळूच्या मागच्या कडेला खाच लागते. यासाठी लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाचा आहे. प्रसूतीनंतर आईला घरी सोडण्याच्या कागदावर बाळाचे वजन लिहिले जाते, लशींची नोंद होते. त्याच कागदावर ‘टाळू डोळ्यांनी पाहिली व बोटाने तपासली’ अशी एक ओळ छापावी आणि तीखाली सही करण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. जी मुले घरीच जन्मतात त्यांच्यासाठी हेच काम घरभेटीला जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला शिकविता येईल.

शस्त्रक्रियेनंतरच्या वाचोपचाराविषयी आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. पहिला असा की मुलाला फुगे फुगवायला, शिट्ट्या वाजवायला, मेणबत्त्या विझवायला लावले म्हणजे टाळू बळकट होऊन बोलणे सुधारते. आईबाप श्रद्धेने हे करीत राहतात. फुंकताना टाळू जी हालचाल करते ती बोलतानाच्या हालचालीहून वेगळी असते आणि तिचा बोलण्याला उपयोग होत नाही. वर्ण, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य अशा क्रमाने बोलणे बोलूनच सुधारावे लागते. काहींच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तिची गरज ओळखण्यासही वाचातज्ज्ञाचाच कान हवा.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांचा आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या याद्या शहरी प्रमाण मराठीत बनविलेल्या असतात. असोद्याच्या लेवा घरातील मूल केळ्याला ‘केय’ आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणते, कारण त्याची आई आणि आजी तसेच म्हणतात. ज्या बोलीत बहिणाबाईंनी गाणी रचली तिचा तो नियमच आहे. पुण्या-मुंबईच्या यादीवरून परीक्षा घेणाऱ्याने हा ‘य’ दोष म्हणून लिहिला, तर मुलाच्या टाळूत नसलेला रोग कागदावर तयार होईल, आणि त्याचा थोडका उपचारकाळ आपल्या आईची भाषा विसरण्यात खर्ची पडेल. अहिराणी बोलणाऱ्या धुळे-अमळनेरकडील मुलांची आणि सातपुड्याच्या पायथ्याला पावरी-भिली बोलणाऱ्या पाड्यांवरील मुलांची तऱ्हा याहूनही बिकट आहे. प, ब, भ, त, द, क, ग, स या वर्णांची परीक्षा होईल असे शब्द भाकर, कपाशी, भरीत, पोया, बैल अशा घरच्या वस्तूंतून निवडता येतात. प्रत्येक बोलीसाठी अशी यादी तयार करणे हे एका विद्यापीठाच्या भाषाविभागाचे काही महिन्यांचे काम आहे. आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचेच नाव असल्यामुळे ते त्याने अंगावर घ्यावे, अशी माझी त्याला जाहीर विनंती आहे.

राहता राहिला प्रश्न जाण्यायेण्याचा. जळगाव जिल्ह्याचे तालुके पंधरा आहेत, आणि चोपडा, रावेर किंवा चाळीसगाव तालुक्यातील मजूर बाईला आठवड्याच्या आठवड्याला मूल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. दोन-तीन खेपांनंतर ती येईनाशी झाली तर तिला बेफिकीर म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. यासाठी वाचातज्ज्ञाने ठरलेल्या वारी उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत फिरते बसावे, मधल्या दिवसांचा सराव अंगणवाडी सेविकेला व पहिलीच्या शिक्षकाला शिकवून ठेवावा, आणि जेव्हा आईला जळगावपर्यंत यावेच लागेल तेव्हा तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याच दिवशी तिच्या हाती पडावी. रक्कम मोठी नाही. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी जो निधी राखलेला असतो त्यातून ती उभी राहू शकते, आणि तिला मंजुरी देणे हे जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीचे काम आहे.